आवाज थांबला म्हणजे दुरुस्त झालं का?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

  यावेळी तुम्ही भाकरी उरकून, जनावरांना वैरण टाकून रेडिओजवळ बसता हे मला माहीत आहे. म्हणून लांबण लावत नाही.

मागच्या वेळी आपण शेळीच्या विम्याबद्दल बोललो होतो. आज मी जुन्या मोटारीतल्या घड्याळाबद्दल बोलणार आहे. हसू नका. आपल्यापैकी कुणाच्या दारात असली गाडी नाही हे मलाही कळतं. पण ह्या एका घड्याळाने आमच्या गटातल्या एका काकींचा धंदा उभा केला, आणि मला, गटाच्या सहयोगिनीला, चांगलाच धडा दिला. त्यात माझी चूक आहे, तीही सांगणार आहे.

आमच्या ह्या काकींचे यजमान घड्याळजी होते. तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ त्यांची टपरी होती. काकी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायच्या आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथंच बसायच्या. पट्टा बदलणं, सेल टाकणं, भिंतीवरच्या घड्याळाचं मशीन बदलणं ही कामं करता करता त्यांच्या हातात बसली. चावीचं घड्याळ उघडून, धुऊन, परत जुळवणंही त्यांनी काकांच्या शेजारी बसून शिकून घेतलं. पण टपरीवर पाटी काकांच्या नावाची, गिऱ्हाईकही काकांचं. काका गेले तेव्हा लोकांनी धरलं की दुकान संपलं. भंगारवाला दारात आला आणि हत्यारांच्या पेटीचे तीनशे रुपये देतो म्हणाला. त्या पेटीत डोळ्याला लावायची आयग्लास होती, पाच प्रकारचे चिमटे होते, बारीक पेचकस होते, तेलाची सुई होती. काकींनी पेटी दिली नाही.

त्यांनी गटाकडे आठ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. टपरीचं थकलेलं भाडं, एक मल्टिमीटर, नवी आयग्लास आणि थोडा माल, असा हिशोब होता. बैठकीत बराच वाद झाला. 'आता वेळ मोबाईलवर बघतात, घड्याळ कोण दुरुस्त करून घेतंय?' असं एकीनं विचारलं. आमच्या गटात एक वहिनी आहेत, त्या प्रत्येक बैठकीत उठून काहीतरी विचारतातच. त्या म्हणाल्या, 'कर्ज द्यायला माझी ना नाही. पण महिन्याला किती फेडणार ते लिहा. आणि आधी सगळ्यांची पासबुकं पुरी करा.' मला उशीर होत होता, पुढच्या गावात दुसरी बैठक होती. मी म्हटलं, 'वहिनी, बसा आता, दर वेळी काय तुमचं.' त्या बसल्या. मी ठरावात 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं आणि निघाले. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी शेवटी तिच्याकडे परत येणार आहे.

काकींना कर्ज मिळालं. टपरी उघडली. पहिले तीन महिने नुसते सेल आणि पट्टे. चौथ्या महिन्यात शेजारच्या गावातल्या वाड्यावरून निरोप आला.

त्या वाड्यातल्या आबांच्या वडिलांनी १९५१ साली शेवरोले मोटार घेतली होती. गाडी अमेरिकन कंपनीची, पण जुळवलेली आपल्या मुंबईत. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला होता. तिथं सुटे भाग जहाजाने यायचे आणि गाडी उभी राहायची. १९५४ साली तो बंद झाला. म्हणजे आबांची गाडी त्या कारखान्याच्या शेवटच्या काही वर्षांतली.

गाडी कित्येक वर्षं गोठ्याशेजारच्या खोलीत झाकून ठेवलेली होती. नातीच्या लग्नात नवरीला ह्याच गाडीतून मांडवात आणायचं असं ठरलं आणि गाडी दुरुस्त करून आणली. इंजिन चालू झालं, दिवे लागले, हॉर्न वाजला. डॅशबोर्डमधलं घड्याळही चालू झालं. पण ते दर एक-दोन मिनिटांनी 'खाट्' असा आवाज करायचं. हळू नाही, पत्र्यावर हातोडी मारल्यासारखा. शेजारी बसलेला माणूस दचकायचा. शिवाय गाडी पळायला लागली की समोरून 'चीं' असाही आवाज यायचा, त्याचंही खापर घड्याळावरच फुटलं. शहरातल्या एका मेकॅनिकने सांगितलं, आतलं मशीन काढून टाका आणि सेलवरचं बसवा. आबा नाही म्हणाले. वडिलांच्या वेळचंच मशीन चालवायचं असा त्यांचा हट्ट होता. वाड्यावरच्या सूनबाई आमच्या फेडरेशनच्या बैठकीला येतात, त्यांना काकींची आठवण झाली.

मी काकींबरोबर गेले. मोठं घर, आपली बाई एकटी कशी जाईल, हा माझा विचार. पण सोबत गेले आणि घाईही मीच केली.

आधी ते घड्याळ चालतं कसं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हे घड्याळ विजेचं, पण वीज त्याचे काटे फिरवत नाही. आत चावीच्या घड्याळासारखीच एक छोटी स्प्रिंग असते. तीच काटे फिरवते. पण ही स्प्रिंग इतकी लहान की एक-दोन मिनिटांतच सैल पडते. ती सैल पडली की दोन छोटे पॉईंट एकमेकांना टेकतात. जुन्या स्कूटरमध्ये पॉईंट असायचे, तसेच. पॉईंट टेकले की बॅटरीचा करंट तारेच्या गुंडाळीतून, म्हणजे कॉइलमधून जातो. कॉइलचं लोहचुंबक होतं आणि ते एका लोखंडी हाताला जोरात हिसका देतं. त्या हिसक्यात स्प्रिंग पुन्हा भरली जाते आणि पॉईंटही सुटतात. करंट बंद. परत दोन मिनिटं शांतता. म्हणजे घड्याळाला दर दोन मिनिटांनी चावी देणारा एक गडी आत बसवलेला आहे म्हणा. त्याने चावी दिली की 'टक्' आवाज होणारच.

१९५८ साली इंग्लंडच्या रोल्स रॉइस गाडीची एक जाहिरात अमेरिकेत फार गाजली. डेव्हिड ऑगिल्वी नावाच्या माणसाने ती लिहिली होती. त्यात सांगितलेलं असं, की ताशी साठ मैल वेगाने जाताना ह्या गाडीत सगळ्यात मोठा आवाज कसला येतो, तर विजेच्या घड्याळाचा. म्हणजे गाडी किती शांत, हे सांगायला त्यांनी घड्याळाचा दाखला दिला. आबांच्या गाडीत मात्र घड्याळाचा आवाज इंजिनापेक्षा मोठा होता, आणि तो का, हे शोधायचं होतं.

पहिल्या दिवशी आम्ही शोधलं नाही. काकींनी डॅशबोर्डखाली हात घालून घड्याळ सोडवलं. त्या म्हणाल्या, 'हे घरी नेऊन उघडून बघायला पाहिजे. दोन-तीन दिवस लागतील.' वाड्यावरची मंडळी भोवती उभी होती. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मला वाटलं, दोन-तीन दिवस म्हटल्यावर काम हातचं जाईल. मी हळूच म्हटलं, 'काकी, तेल वाळलं असेल, थोडं सोडून बघा की.' काकींनी माझ्याकडे बघितलं. पण मी सहयोगिनी, कर्जाला मीच सही केलेली. त्यांनी मागच्या भोकातून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि घड्याळ परत बसवलं.

काय सांगू, आवाज खरोखरच मऊ झाला! संध्याकाळपर्यंत तर बंदच झाला. सगळे खूष. सूनबाईंनी पाचशे रुपये हातावर ठेवले. आवाज येतो का एवढंच आम्ही सगळ्यांनी ऐकलं. काटे फिरतात का, ते कुणी बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. गाडी पुसणाऱ्या गड्याला करपल्याचा वास आला होता. त्याने प्रसंगावधान राखून बॅटरीची वायर ओढून काढली म्हणून बरं. नाहीतर डॅशबोर्डमागच्या जुन्या, कापडी वेष्टणाच्या वायरींना आग लागायला वेळ लागला नसता. आणि त्या गाडीत थोड्याच दिवसांनी नवरी बसणार होती.

काकी एक शब्द बोलल्या नाहीत. पहिल्या एसटीने वाड्यावर गेल्या, पाचशे रुपये परत दिले आणि म्हणाल्या, 'आता मी म्हणीन तसं करायचं असेल तर घड्याळ देते का बघा, नाहीतर राहू दे.' आबांनी घड्याळ दिलं.

आता काकींनी काय केलं ते क्रमाने सांगते.

पहिलं म्हणजे त्यांनी दोन आवाज वेगळे केले. ड्रायव्हरला गाडी उभी ठेवायला सांगितली तेव्हा 'चीं' नव्हतं. घड्याळ काढून ठेवल्यावर गाडी चालवली, तेव्हा 'चीं' आलं. घड्याळ गाडीत नाही आणि आवाज येतोय, म्हणजे तो घड्याळाचा कसा असेल? वेगाबरोबर वाढतो तो स्पीडोमीटरच्या केबलचा आवाज. गिअरबॉक्सकडून एक लवचिक तार नळीतून फिरत मीटरपर्यंत येते, ती कोरडी पडली होती. ड्रायव्हरने तार ओढून काढली, पुसली, हलकं ग्रीस लावून परत घातली. मीटरकडच्या टोकाला बोटभर जागा ग्रीसशिवाय ठेवली, नाहीतर ते मीटरमध्ये चढतं. अर्धं भांडण तिथंच मिटलं.

दुसरं, घड्याळ घरी आणून उघडण्याआधी त्यांनी चारी बाजूंनी मोबाईलवर फोटो काढले. काचेभोवतीची बांगडी दाबून बसवलेली असते. ती एका जागी जोर लावून उचकटली तर वाकते. बोथट सुरीने थोडं थोडं करत गोल फिरून उचलायची. तबकडीला बोट लावायचं नाही, ओल्या फडक्याने तर अजिबात पुसायची नाही, छापलेले आकडे निघून येतात.

इथं एक सावधगिरी सांगते. जुन्या घड्याळांत अंधारात चमकणारा रंग असतो, त्यात काही वेळा खरं रेडियम असतं. आपण सायकलला, गाडीच्या नंबरप्लेटला लावतो त्याला आपण 'रेडियम' म्हणतो, पण तो नुसता चमकणारा कागद, त्याची भीती नाही. खरं रेडियम मात्र अंगाला घातक. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज नावाच्या गावी अशा तबकड्या रंगवायचा कारखाना होता. तिथं तरुण पोरी कामाला होत्या. ब्रशचं टोक बारीक व्हावं म्हणून ते ओठांनी ओलं करायला त्यांना शिकवलेलं. त्यांच्या जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी गेल्या. कारखान्याचे लोक दोष ह्या मुलींच्याच तब्येतीला देत राहिले. पाच जणींनी १९२७ साली दावा लावला आणि १९२८ साली कंपनीला भरपाई द्यावी लागली. त्यांच्यामुळे पुढच्या कामगारांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. म्हणून जुन्या तबकडीवरचा पिवळट, भुगा होणारा रंग कधी खरवडू नका, फुंकू नका, पोरांच्या हाती देऊ नका. काकींनी तबकडी उचलून वेगळ्या डब्यात झाकून ठेवली आणि हात धुतले.

तिसरं, दोष शोधला. आयग्लास लावून बघितलं तर पॉईंट काळे पडलेले, खड्डे पडलेले आणि त्यावर आमचं तेल. तेलामुळे करंट अर्धवट जायला लागला होता. म्हणून ठोका मऊ झाला. आम्हाला वाटलं गुण आला! पुढं ठोका इतका दुबळा झाला की स्प्रिंग भरेना आणि पॉईंट सुटेनात. पॉईंट टेकलेलेच राहिले, कॉइलमधून करंट जातच राहिला, ती तापली आणि कागद करपला. बॅटरी उतरलेली असली तरी अशा घड्याळात हेच होतं. नशीब, मल्टिमीटर लावल्यावर कॉइल तुटलेली निघाली नाही.

पण मूळ प्रश्न राहिलाच. तेल आम्ही काल घातलं, 'खाट्' आवाज तर त्याच्या आधीपासून होता. काकी घड्याळ उलटं करून बघत बसल्या. पाठीवर बारीक अक्षरांत सहा व्होल्ट असं लिहिलेलं. त्यांनी वाड्यावर फोन करून गाडीची बॅटरी किती व्होल्टची ते विचारलं. बारा!

आता उलगडा झाला. त्या काळच्या बऱ्याच गाड्या सहा व्होल्टच्या असायच्या. शेवरोलेने १९५५ सालच्या गाड्यांपासून बारा व्होल्ट आणले. आबांच्या गाडीला केव्हातरी सोयीसाठी बारा व्होल्टची बॅटरी बसवली होती. तेव्हा दिव्यांचे बल्ब बदलले, पण घड्याळाची वायर सोडून ठेवली होती. लग्नासाठी गाडी दुरुस्त करताना कुणीतरी ती सुटी वायर बघितली आणि सरळ जोडून दिली. सहाच्या घड्याळाला बारा मिळाले. चावी देणारा गडी दुप्पट जोराने हिसका मारायला लागला. 'खाट्' आवाज येत होता तो त्याचाच. घड्याळ पहिल्या दिवसापासून सांगत होतं की मला झेपत नाहीये. आणि आम्ही त्याच्या तोंडात तेल ओतून त्याला गप्प केलं.

चौथं, दुरुस्ती. पॉईंट सगळ्यात बारीक पॉलिश पेपरच्या पट्टीने हलके घासले, मग कोरा कागद त्यांच्यामधून ओढून पुसले. जाड कानस लावली तर पॉईंट संपतातच. मशीन पेट्रोलमध्ये धुतलं, उघड्या अंगणात, चुलीपासून लांब, आणि घरात कुणी विडी पेटवणार नाही असं बजावून. चाकांच्या आसांची भोकं दातकोरण्याच्या टोकाने साफ केली. सुकल्यावर घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर घेऊन फक्त आसांना लावलं. केसासारख्या बारीक स्प्रिंगला तेल नाही, पॉईंटला तर नाहीच नाही. खोबरेल, रॉकेल, शिलाई मशीनचं तेल, फवाऱ्याचे डबे, यातलं काही घड्याळात घालायचं नाही.

मग व्होल्टचं बघितलं. काकींचा पुतण्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन शिकतो. त्याने सांगितलं, कॉइलचा रोध मोजायचा आणि तेवढ्याच रोधाचा, उष्णता सोसणारा मोठा रेझिस्टर वायरमध्ये ओळीने जोडायचा. बाराचे दोन सारखे वाटे होतात, सहा रेझिस्टरला आणि सहा कॉइलला. आणि त्याच्या आधी एक बारीक फ्यूज, म्हणजे परत कधी पॉईंट चिकटले तर फ्यूज जाईल, गाडी जळणार नाही.

काकींनी घड्याळ पुतण्याच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर लावून दोन रात्री उशाशी ठेवलं. सकाळी मोबाईलशी वेळ ताडून बघितली, पाठीमागचा दांडा किंचित सरकवून मागेपुढे नीट केली. तिसऱ्या दिवशी बॅटरीची वायर आधी सोडून घड्याळ गाडीत बसवलं. नट घट्ट केले, कारण नट सैल असला की पत्रा ढोलासारखा घुमतो आणि बारीक आवाजही मोठा होतो.

गाडी सुरू केली. सगळे कान लावून बसले. थोड्या वेळाने आवाज आला, 'टक्'. जिभेने टाळू वाजवावी एवढाच. सूनबाई म्हणाल्या, 'काकी, थोडा आहे की अजून.' काकी म्हणाल्या, 'तेवढा राहू दे. तो यायचा थांबला तर मला फोन करा.'

नवरी त्याच गाडीतून मांडवात आली. काकींना अठराशे रुपये मिळाले आणि वरपक्षाकडच्या एका पाहुण्यांनी त्यांच्या जुन्या गाडीचं घड्याळ पाठवलं. आता टपरीवर अशी आणखी दोन कामं आहेत. कर्जाचे सहा हप्ते फिटले.

मैत्रिणींनो, आपल्या घरात मोटार नसली तरी शिलाई मशीन आहे, मिक्सर आहे, पिठाची गिरणी आहे, पंप आहे. त्यातलं काही आवाज करायला लागलं की आपला हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो. तसं करू नका. बंद करा, वायर काढा आणि चार गोष्टी विचारा. आवाज केव्हापासून येतोय? त्याच्या आधी कुणी काय बदललं? कधी येतो, उभ्याला की चालताना, रिकाम्याला की भार दिल्यावर? आणि तो नक्की तिथूनच येतोय का? शिलाई मशीनचा खडखडाट बऱ्याचदा दातांखाली साठलेल्या दोऱ्याच्या कापसाचा असतो, तिथं तेल घातलं तर नुसता चिखल होतो.

आणि ज्यांना दुरुस्तीचा धंदा करायचा आहे, त्यांनी काकींचे नियम लिहून घ्या. वस्तू घेताना फोटो काढायचा आणि पावती द्यायची. उघडून बघायचे पैसे वेगळे, ते आधी सांगायचे. काढलेला जुना भाग गिऱ्हाईकाला परत करायचा. एक रात्र चालवून बघितल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. चूक झाली तर पैसे परत करायला लाजायचं नाही. आणि घाई करणाऱ्या माणसाचं ऐकायचं नाही, मग ती सहयोगिनी का असेना.

आता त्या वहिनींकडे येते. वाड्यावरून परत येताना एसटीत मी काकींना म्हटलं, 'माझ्यामुळं झालं सगळं.' त्या म्हणाल्या, 'तुमच्या सांगण्यावरून तेल मीच घातलं ना.' एवढंच. पण मला रात्रभर ते 'बसा आता, दर वेळी काय तुमचं' आठवत राहिलं.

पुढच्या बैठकीत मी स्वतःच म्हटलं, वहिनी, मागच्या वेळी तुम्ही पासबुकांचं काय म्हणत होतात? त्यांनी शांतपणे सांगितलं. आम्ही बाराही जणींची पासबुकं आणि गटाचं रजिस्टर समोरासमोर ठेवलं. दोघींच्या तीन तीन महिन्यांच्या शंभर रुपयांच्या नोंदी रजिस्टरला होत्या, पासबुकात नव्हत्या. पैसे बँकेत भरलेले होते, एक रुपयाही गेला नव्हता. पण त्या दोघींपैकी एक जण मागे लागून मागे लागून थकली होती आणि गट सोडायचा विचार करत होती. वहिनी तिच्यासाठी बोलत होत्या. नोंद करायची राहिली होती ती माझ्या हातून, कारण मी दर वेळी घाईत असायचे.

मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. नोंदी पुऱ्या केल्या. मागच्या ठरावाखाली वहिनींचा प्रश्न काय होता ते लिहिलं आणि सह्या घेतल्या. काकींनी महिन्याचा हप्ताही तिथंच लिहून दिला, आठशे रुपये आणि वर व्याज. आता आमची प्रत्येक बैठक पासबुकं ताडून सुरू होते. पंधरा मिनिटं जास्त लागतात. पुढच्या गावातल्या बैठकीची वेळ मी पंधरा मिनिटं पुढं ढकलली, त्याने काही बिघडलं नाही.

तुमच्याही गटात असा कुणाचातरी आवाज असेल. तिचं दर वेळी बरोबरच असेल असं मी म्हणत नाही, कधी कधी ती नुसती केबलची 'चीं'सुद्धा असेल. पण तिला खाली बसवण्याआधी रजिस्टर उघडा आणि बघा. आणि एखाद्या गटात सगळं अगदी शांत शांत असेल, कुणी काहीच विचारत नसेल, तर तिथंही काटे फिरताहेत का ते एकदा बघून घ्या.

ह्या आठवड्यात घरातलं एक आवाज करणारं यंत्र आणि गटाची पासबुकं, दोन्ही तपासा. काय सापडलं ते पुढच्या गटबैठकीत सांगा, आम्हालाही कळवा. पुढच्या वेळी काकी स्वतः तुमच्याशी बोलायला येणार आहेत. त्या नाही नाही म्हणत होत्या, पण आता कबूल झाल्या आहेत.

नमस्कार.